अनुवृत्ती, निवृत्ती आणि यंत्रभाषा
कंपायलरचे परिष्करण व प्रोसेसरची रचना यांविषयी

१

मुळा-मुठेच्या काठचे खराडी हे पूर्वी शेतीचे गाव होते. आज पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत मोडणाऱ्या या भागात ईऑन माहिती-तंत्रज्ञान संकुल आणि त्याच्या भोवतालच्या इमारती उभ्या असून, तेथे दररोज हजारो माणसे संगणकासाठी प्रोग्राम लिहितात. हे सर्व लोक ज्या भाषांत लिहितात त्यांपैकी एकही भाषा प्रोसेसरला कळत नाही. प्रोसेसरला कळते ती त्याची स्वतःची यंत्रभाषा : अमुक ठिकाणचा आकडा आण, त्यात तमुक मिळव, उत्तर तेथे ठेव, एवढ्याच तोडक्या आज्ञांची भाषा. माणसाच्या सोयीच्या भाषेतून या आज्ञांच्या भाषेत भाषांतर करणारा जो प्रोग्राम, त्यास कंपायलर म्हणतात.

भाषांतर म्हटले की दोन प्रश्न अटळपणे उपस्थित होतात. अर्थ तोच राहिला काय, हा पहिला. आणि भाषांतर सुटसुटीत उतरले काय, हा दुसरा. साहित्याच्या भाषांतरात या दोहोंची तडजोड रसिकाच्या अभिरुचीवर सोडता येते. कंपायलरच्या बाबतीत मात्र पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले तर हिशेब चुकतो, आणि दुसऱ्याचे नकारार्थी आले तर वेळ व वीज यांचा अपव्यय होतो. अर्थ न बदलता यंत्रभाषेतील मजकूर अधिक काटकसरीचा करण्याच्या क्रियेस इंग्रजीच्या वळणाने ऑप्टिमायझेशन म्हणतात. तिला येथे ‘परिष्करण’ असे म्हटले आहे. हे परिष्करण कसे घडते, प्रोसेसरच्या रचनेशी त्याचा संबंध कोणता, आणि या शास्त्रात महाराष्ट्रातील अभ्यासकांचा वाटा काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय गणकशास्त्राचा असला तरी त्याचा गाभा भाषाविचाराचाच आहे, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

२

परिष्करणाची गरज कंपायलरच्या जन्मापासूनची आहे. आय.बी.एम. कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७०४ या यंत्रासाठी फोरट्रान भाषेचा कंपायलर तयार केला आणि तो १९५७ साली उपयोगात आला. त्या काळचे कुशल प्रोग्रामकार यंत्रभाषेतच लिहीत आणि यंत्राने केलेले भाषांतर आपल्या हातच्या लेखनाची बरोबरी करील यावर त्यांचा विश्वास नव्हता. भाषांतर फार संथ निघाले तर नवी भाषा कोणीही वापरणार नाही, याची बॅकस यांना जाणीव होती. म्हणून त्या पहिल्याच कंपायलरमध्ये पुनरुक्ती टाळण्याच्या आणि रजिस्टरांचा नेटका वापर करण्याच्या युक्त्या योजलेल्या होत्या. पुढे फ्रान्सिस ॲलन यांनी प्रोग्रामच्या प्रवाहाचे आलेख काढून त्याचे विश्लेषण करण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकात घडवली. या कार्यासाठी २००६ सालचे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले आणि तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. १९७३ साली गॅरी किल्डॉल यांनी या निरनिराळ्या विश्लेषणांस एकच गणिती चौकट दिली.

या विश्लेषणांचे स्वरूप समजण्यास संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकास एक जवळचे उदाहरण उपलब्ध आहे. पाणिनीच्या सूत्रांत एका सूत्रात आलेले पद पुढील सूत्रांत पुन्हा न उच्चारता गृहीत धरले जाते, हीच अनुवृत्ती. ती कोठवर चालते आणि कोठे थांबते, म्हणजे निवृत्ती कोठे होते, हे ठरविणे हे टीकाकारांचे काम. अनुवृत्ती अकारण तोडली तर सूत्र अपुरे राहते. अकारण लांबविली तर सूत्राचा अर्थ बिघडतो.

कंपायलरपुढील पहिला प्रश्न नेमका हाच आहे. प्रोग्राममध्ये ‘अ × ब’ हा गुणाकार एकदा केला आणि पुढे काही ओळींनंतर तोच पुन्हा सांगितला, तर आधीचे उत्तर जपून ठेवून तेच वापरता येईल काय? मधल्या ओळींत ‘अ’ किंवा ‘ब’ यांपैकी कशाचीही किंमत बदलली नसेल, तर येईल. बदलली असेल, तर जुने उत्तर तेथेच निवृत्त झाले. एखाद्या स्थळी पोहोचणाऱ्या प्रत्येक वाटेवर ते उत्तर आधीच काढलेले असेल आणि मध्ये निवृत्त झालेले नसेल, तरच ते त्या स्थळी ‘उपलब्ध’ मानायचे. सूत्रपाठ एकाच रेषेत पुढे सरकतो. प्रोग्राम मात्र फाटे फोडतो, पुन्हा एकत्र येतो, आणि आवृत्तीच्या रूपाने मागेही वळतो. म्हणून येथे टीकाकाराची एक फेरी पुरत नाही. प्रत्येक स्थळी काय उपलब्ध आहे हे मांडून, त्यावरून पुढील स्थळांची मांडणी सुधारून, कोठेही बदल होईनासा होईपर्यंत कंपायलर फेऱ्या घालीत राहतो.

३

आतापर्यंत वर्णिलेली पुनरुक्ती ही पूर्ण पुनरुक्ती होय. खरी अडचण अर्धवट पुनरुक्तीची आहे. समजा, प्रोग्रामला दोन फाटे फुटले. डाव्या फाट्यावर ‘अ × ब’ काढले आहे, उजव्यावर नाही. दोन्ही फाटे एकत्र आल्यावर ‘अ × ब’ पुन्हा हवे आहे. डावीकडून येणाऱ्यास ती पुनरुक्ती आहे, उजवीकडून येणाऱ्यास नाही. उपाय असा की, उजव्या फाट्यावर तो गुणाकार मुद्दाम घालावा आणि संगमानंतरचा काढून टाकावा. मजकूर तेवढाच राहतो. पण कोणत्याही वाटेने गेले तरी गुणाकार एकदाच होतो.

आवृत्ती, म्हणजे लूप, हे याच प्रकाराचे एक रूप आहे. एखादी कृती हजार वेळा करायची आहे, तिच्या पोटात ‘अ × ब’ आहे, आणि ‘अ’ व ‘ब’ त्या आवृत्तीत बदलत नाहीत. पहिल्या फेरीत हा गुणाकार आवश्यक आहे. पुढील नऊशे नव्याण्णव फेऱ्यांत तो पुनरुक्त आहे. म्हणजे आवृत्तीच्या आरंभबिंदूवर बाहेरून येणाऱ्या वाटेच्या दृष्टीने तो नवा आणि मागे वळून येणाऱ्या वाटेच्या दृष्टीने जुना. बाहेरच्या वाटेवर तो एकदा घातला की हजारांचा एक होतो. एतिएन मोरेल आणि क्लोद रेन्व्हाझ या फ्रेंच अभ्यासकांनी १९७९ साली हे दोन्ही प्रकार एकाच पद्धतीने हाताळता येतात हे दाखविले. तोवर ज्या निरनिराळ्या युक्त्या समजल्या जात होत्या त्या एकाच नियमाची उदाहरणे ठरल्या.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील (आय.आय.टी.) प्रा. ढमढेरे यांचे काम येथून सुरू होते. त्याचे महत्त्व कळण्यासाठी वरचेच उदाहरण थोडे बदलून पाहावे. आवृत्तीत ‘अ × ब’ ऐवजी ‘अ ÷ ब’ आहे, आणि ‘ब’ शून्य असेल तर आवृत्तीत शिरायचेच नाही, अशी अट आरंभी घातलेली आहे. भागाकार अटीच्या अगोदर नेऊन ठेवला, तर ‘ब’ शून्य असताना, मुळात जो भागाकार कधीच झाला नसता तो होईल आणि चालता प्रोग्राम कोसळेल. आवृत्तीच्या पोटात तो ठेवला, तर हजार वेळा होईल. म्हणजे अटीच्या आतही जागा नाही आणि आवृत्तीच्या आतही नाही. योग्य जागा आहे ती अटीपासून आवृत्तीकडे जाणाऱ्या वाटेवर. परंतु मूळ प्रोग्राममध्ये त्या वाटेवर कोणताच मजकूर नसतो. जेथून निघायचे तेथून दुसरीकडेही जाता येते, आणि जेथे पोहोचायचे तेथे दुसरीकडूनही येता येते. अशा दोन टोकांमधील ती केवळ जोडरेषा असते.

मोरेल-रेन्व्हाझ पद्धतीत नवा मजकूर असलेल्या खंडांतच घालता येई. जोडरेषेवर घालता येत नसे. त्यामुळे कित्येक पुनरुक्ती दिसत असूनही काढता येत नसत. ढमढेरे यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत जोडरेषेवरच नवा खंड निर्माण करून तेथे गणित ठेवण्याची व्यवस्था केली, आणि १९९१ च्या निबंधात मूळ पद्धतीचे व्यवहारोपयोगी रूप मांडले. अडखळण्याचे कारण नियमाच्या अपुरेपणात नसून स्थळांच्या यादीच्या अपुरेपणात आहे, हे त्यातील मर्म होय. व्याकरणात ज्याप्रमाणे दृश्य वर्ण नसलेल्या स्थानीही शून्यरूप प्रत्यय मानल्याने नियम सुटसुटीत होतात, त्याप्रमाणे रिकाम्या जोडरेषेस स्थळाचा दर्जा दिल्याने हे परिष्करण निर्वेध झाले.

४

मोरेल-रेन्व्हाझ पद्धतीची दुसरी अडचण अधिक तात्त्विक होती. एखाद्या उत्तराची उपलब्धता ठरविण्यास मागे काय घडले ते पाहावे लागते. ते उत्तर पुढे निश्चितपणे लागणार आहे काय, हे ठरविण्यास पुढे काय घडणार ते पाहावे लागते. शब्दाचा अर्थ पूर्वसंदर्भावरून आणि उत्तरसंदर्भावरून ठरतो, तसेच हे आहे. परंतु मोरेल-रेन्व्हाझ यांच्या समीकरणांत हे दोन्ही संदर्भ एकमेकांत गुंतलेले होते. एका स्थळाचे उत्तर मागच्या स्थळांवर अवलंबून, मागच्यांचे पुढच्यांवर. अशा द्विदिश विश्लेषणास किती फेऱ्या लागतील, याचे समाधानकारक उत्तर एकदिश विश्लेषणासाठी रचलेल्या सिद्धान्तातून मिळत नव्हते.

या प्रश्नाचा उलगडा ढमढेरे आणि त्यांचे विद्यार्थी प्रा. उदय खेडकर यांनी केला. १९९३ व १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यांनी माहिती आलेखातून ज्या मार्गांनी वाहते त्या मार्गांचाच विचार केला. माहिती पुढे जाता जाता मागे वळते, मागे जाता जाता पुढे वळते. या वळणांवरून त्यांनी आलेखाची ‘रुंदी’ अशी एक संज्ञा कल्पिली आणि लागणाऱ्या फेऱ्यांची मर्यादा तिच्या आधारे सांगितली. एकदिश विश्लेषण हे या व्यापक सिद्धान्ताचे एक विशिष्ट रूप ठरले. खेडकर हे १९९४ ते २००१ या काळात पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात अध्यापक होते व नंतर मुंबईच्या आय.आय.टी.त गेले. तेथील अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह त्यांनी २००९ साली प्रवाहविश्लेषणावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ या विषयाच्या अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. जी.सी.सी. या मुक्त कंपायलरच्या अंतरंगाचे शिक्षण देणाऱ्या त्यांच्या कार्यशाळांनी, तयार वस्तू म्हणून वापरल्या जाणाऱ्या साधनाची आतील रचना वाचण्याची सवय अनेक विद्यार्थ्यांना लावली.

ज्ञानाचा प्रवाह येथेच थांबला नाही. १९९२ साली क्नूप, र्‍यूटिंग आणि श्टेफेन या जर्मन अभ्यासकांनी तोच प्रश्न केवळ एकदिश विश्लेषणांच्या साखळीने सुटतो हे दाखविले. आणि आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. उत्तर फार अगोदर काढून ठेवले, तर ते लागेपर्यंत कोठे तरी सांभाळावे लागते. म्हणून काटकसर न गमावता गणित शक्य तितके उशिरा करावे, हे त्यांचे सूत्र. आता हे उत्तर सांभाळायचे कोठे? या प्रश्नापाशी कंपायलरचा विचार प्रोसेसरच्या रचनेस येऊन भिडतो.

५

प्रोसेसरच्या अगदी हाताशी असणाऱ्या मोजक्या जागांस रजिस्टर म्हणतात. रजिस्टरातील आकडा तत्काळ मिळतो. मुख्य स्मृतीतून आणायचा झाल्यास आजच्या वेगवान यंत्रांत घड्याळाचे शंभराहून अधिक ठोके वाया जाऊ शकतात. रजिस्टर थोडे आणि जपायची उत्तरे पुष्कळ, अशी ही ओढाताण असते. आय.बी.एम.मधील ग्रेगरी चायटिन यांनी तिची तुलना नकाशा रंगविण्याशी केली. एकाच वेळी जिवंत असणारी दोन उत्तरे म्हणजे शेजारची दोन राज्ये. त्यांस एकच रंग, म्हणजे एकच रजिस्टर, देता येत नाही. रंग अपुरे पडले की एखादे उत्तर स्मृतीत टाकावे लागते. म्हणजे गुणाकार वाचविण्यासाठी जपलेले उत्तर स्मृतीत जाऊन पडले, तर बचतीपेक्षा खर्च अधिक व्हायचा. एका परिष्करणाने दुसऱ्यास वाव मिळतो किंवा त्याचा वाव हिरावला जातो. व्याकरणातील नियमांच्या पौर्वापर्याचा हा परिचित प्रश्न येथेही आहे, आणि त्याचे सर्व प्रसंगी लागू पडणारे एकच उत्तर येथेही नाही.

चायटिन यांचे काम ज्या प्रकल्पाच्या परिसरात झाले, तो आय.बी.एम.चा ८०१ प्रकल्प जॉन कॉक यांच्या प्रेरणेने १९७५ साली सुरू झाला होता. कंपायलर ज्या आज्ञा प्रत्यक्षात वापरतो त्या थोड्या आणि साध्या असतात. गुंतागुंतीच्या आज्ञा बहुधा पडून राहतात. तेव्हा प्रोसेसरची भाषाच साधी करावी, रजिस्टर वाढवावेत, आणि बुद्धीचे काम कंपायलरवर सोपवावे, असा हा विचार होता. बर्कली येथे डेव्हिड पॅटरसन आणि स्टॅनफर्ड येथे जॉन हेनेसी यांनी १९८० नंतर तो पुढे नेला. २०१७ सालचे ट्युरिंग पारितोषिक या दोघांस मिळाले. बर्कलीच्या परंपरेतून स्पार्क ही आज्ञाभाषा निघाली.

मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. माधव देसाई आणि त्यांचे सहकारी यांनी घडविलेला ‘अजित’ हा प्रोसेसर २०१९ साली प्रकाशात आला, तो याच स्पार्क भाषेच्या आठव्या आवृत्तीचा. चंडीगढजवळच्या मोहाली येथील सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने तो तयार झाला. याच सुमारास जगातील अग्रेसर कारखाने ७ नॅनोमीटरच्या तंत्रापर्यंत पोहोचलेले होते. स्वतःची नवी आज्ञाभाषा रचण्यापेक्षा जिचे व्याकरण खुलेपणाने प्रसिद्ध आहे आणि जिच्यासाठी कंपायलर अगोदरच उपलब्ध आहेत अशी भाषा निवडण्यात व्यवहार होता. कारण कंपायलर नसलेला प्रोसेसर म्हणजे ज्याची भाषा दुसऱ्या कोणालाच येत नाही असा वक्ता.

या भाषेतील एक वाक्यविशेष पाहण्यासारखा आहे. ‘अमुक ठिकाणी जा’ अशी आज्ञा आली, तरी तिच्या लगेच पुढची आज्ञा प्रोसेसर सामान्यतः प्रथम पार पाडतो आणि मगच उडी घेतो. कारण असे की, आज्ञा वाचणे, समजणे आणि पार पाडणे ही कामे कारखान्यातील पट्ट्याप्रमाणे एकामागून एक चालतात; उडीचा निर्णय होईपर्यंत पुढची आज्ञा पट्ट्यावर चढलेली असते. ती फेकून देण्याऐवजी उपयोगात आणावी, एवढाच यातील हेतू. परंतु त्या जागी बसवावी अशी, कोणत्याही दिशेने गेले तरी हरकत नसलेली, उपयुक्त आज्ञा शोधून आणणे हे काम कंपायलरचे. ती सापडली तर एक ठोका वाचतो. न सापडल्यास ‘काही करू नये’ ही आज्ञा तेथे लिहावी लागते. यंत्राची रचना आणि भाषांतरकाराचे कौशल्य एकमेकांवर कसे विसंबून आहे, याचे हे लहानसे पण बोलके उदाहरण होय.

दुसरे उदाहरण कोणत्याही आधुनिक यंत्रात पडताळून पाहता येईल. प्रोसेसर मुख्य स्मृतीतून एकेक आकडा आणीत नाही. बहुधा ६४ बाइटांची एक ओळ आणून ती जवळच्या लहान स्मृतीत, म्हणजे कॅशमध्ये, ठेवतो. आठ बाइटांचा एक आकडा धरल्यास एका ओळीत आठ आकडे मावतात. सी भाषेत कोष्टकाची एक आडवी रांग स्मृतीत सलग असते. मोठे कोष्टक आडव्या रांगांनी वाचले, तर आठ आकड्यांमागे एक खेप पडते. उभ्या स्तंभांनी वाचले, तर जवळजवळ प्रत्येक आकड्यामागे एक. बेरीज तीच, खेपा आठपट. बाहेरची आणि आतली आवृत्ती यांची अदलाबदल केल्याने अर्थ बिघडत नसेल, तर कंपायलर ती करू शकतो. पण तसे सिद्ध करता न आल्यास तो मूळ क्रमास हात लावीत नाही.

६

अर्थ बिघडत नाही, हे सिद्ध करणे याच अटीवर सर्व परिष्करण उभे आहे. मात्र ‘अर्थ’ कोणी ठरवायचा? भाषेच्या प्रमाण व्याकरणाने. सी भाषेच्या व्याकरणात काही प्रयोगांस अर्थच दिलेला नाही. उदाहरणार्थ, कोठेच न नेणाऱ्या, म्हणजे शून्य पत्त्यावरून मजकूर वाचणे. कंपायलर त्यावरून अनुमान काढतो : लेखकाने या पत्त्यावरून वाचले आहे, तेव्हा पत्ता शून्य नसलाच पाहिजे, तेव्हा पुढे केलेली ‘पत्ता शून्य आहे काय’ ही तपासणी निरर्थक आहे, तेव्हा ती गाळावी. तर्कात खोट नाही. परंतु २००९ साली लिनक्सच्या गाभ्यातील एका भागात नेमके हेच घडले. वाचन आधी आणि तपासणी नंतर अशी लेखकाची चूक होती. कंपायलरने तपासणी गाळली, आणि त्या छिद्रातून संगणकाचा ताबा घेता येतो असे निष्पन्न झाले. पुढे गाभ्याचा अनुवाद करताना असे अनुमान काढू नये, अशी स्पष्ट सूचना कंपायलरला देण्याची प्रथा पडली.

दोष कोणाचा, यावर वाद होऊ शकेल. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने हा विवक्षित अर्थ आणि शब्दार्थ यांतील जुनाच संघर्ष आहे. लेखकाच्या मनात काय आहे, हे कंपायलरला दिसत नाही. त्याने काय म्हटले आहे, एवढेच दिसते. मनुष्यभाषांतरकार अशा ठिकाणी थबकतो आणि विचारतो. कंपायलर थबकत नाही.

७

सुमारे २००५ पर्यंत प्रोसेसरांच्या घड्याळाचा वेग वाढत गेला आणि संथ प्रोग्रामवर नवे यंत्र विकत घेणे हा सोपा उपाय होता. त्यानंतर उष्णतेच्या मर्यादेमुळे तो वेग काही गिगाहर्ट्झांवरच रेंगाळला. आता वाढ मिळते ती अनेक प्रोसेसर एकत्र जोडून, विशेष कामांसाठी विशेष रचना करून आणि भाषांतर सुधारून. पुण्यास हा धडा नवा नाही. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक येथेच उभा केला, तो ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक ब्रिटिश प्रोसेसर एकत्र गुंफून. परंतु अनेक प्रोसेसर हाताशी असणे आणि एकाच कामाची त्यांत बिनचूक वाटणी करणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरीस पुन्हा प्रवाहाचे विश्लेषणच लागते.

खराडीतील एखाद्या कार्यालयात बसून प्रोग्राम लिहिणाऱ्या तरुणास या सर्वांतून व्यवहारात काय घेता येईल? प्रथम, कंपायलर ज्या पुनरुक्ती स्वतः काढू शकतो त्या हाताने काढण्यात श्रम घालवू नयेत व वाचनीयता गमावू नये. दुसरे, जे तो सिद्ध करू शकत नाही, उदाहरणार्थ दोन नावे एकाच स्थळाची नाहीत हे, ते भाषेने दिलेल्या साधनांनी स्पष्ट सांगावे. तिसरे, वेळ कोठे जातो ते मोजल्यावाचून सुधारणेस हात घालू नये. चौथे, ज्या प्रयोगास व्याकरणात अर्थ नाही तो ‘आजवर चालला’ म्हणून चालवू नये.

विद्यापीठांपुढील प्रश्न मात्र यापेक्षा मोठा आहे. प्रोग्राम लिहिणारे हजारोंनी आहेत. त्या प्रोग्रामचे भाषांतर कसे होते हे जाणणारे त्या मानाने फार थोडे. टीकाकारांची परंपरा खंडित झाली तर सूत्रे पाठ राहतात, पण अनुवृत्ती कोठे थांबते हे सांगणारा उरत नाही. पवईत एका जोडरेषेवर रिकामी जागा पाहून तेथे खंड घालणारी दृष्टी यंत्राच्या किमतीवर अवलंबून नव्हती; ती कागदावर आलेख काढून, नियम आणि अपवाद यांचा ताळा घालून मिळालेली होती. भाषाशास्त्र आणि संगणकशास्त्र या दोन विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या वर्गात बसावे, याचे याहून सबळ कारण शोधावे लागणार नाही.